आधी दोनदा न्हाय म्हणायचं

कळसला निघालेल्या एसटीत पुढच्या बाकावरची बाई नवऱ्यावर अशी उखडली, की मागच्या बाकावरच्या विनयानं गाणी बंद करून कान तिकडंच लावले.

“विहीणबाईंच्या एआयनं आज कळसला जेवाया बोलावलं, आन् तुमचा एआय पहिल्याच बोलावण्याला व्हय म्हणाला?”

“मला न इचारता. त्या दोन एआयचं आता परस्पर मेसेजवर ठरतं.”

“आधी दोनदा ‘कशाला उगं तरास’ म्हणाया नगं? हावरट म्हणत्याल आपल्याला!”

“आपल्या एआयनं बी त्यास्नी आपल्याकडं जेवाया बोलावलंय की.”

“कवाच्या जेवणाला?”

“आजच्याच. पर माणसं दोनदा न्हाय म्हणत्यातच.”

“माणसं म्हणत्यात. त्यांचा एआय?”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला. विहीणबाई होत्या.

“अवो, आमी तुमच्या दारात उभं हाय. कुलूप कशापायी?”