वर-खाली लागलेली बटणं

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर मी नंबरची वाट बघत होतो. शेजारी मानेला पट्टा बांधलेला एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती.

“आत गेलो की सांगणार आहे, ऑपरेशन पुढे ढकला. दुकानात कपड्यांचा ढीग पडलाय.”

“अहो, शर्टाची बटणं वर-खाली लागलीत तुमची.”

“पट्ट्यामुळे मान खाली होत नाही. दिसणार कसं?”

“आजवर काय बघून लावत होता? टेलरमास्तर ना तुम्ही?”

“घाईत झालं. उगाच राईचा पर्वत करू नकोस.”

“परवा हातातून कात्री पडली.”

“निसटली. कात्रीच ती, निसटते कधीतरी.”

“कपही निसटला, किल्लीही निसटली. हात बधिर वाटले तर लगेच या, असं बजावलं होतं डॉक्टरांनी.”

“बधिर नाहीत गं. जरा मुंग्या येतात, एवढंच. तेवढ्यासाठी मानेवर सुरी फिरवून घेऊ?”

“बरं, नका घेऊ. हात पुढे करा. तळहात वर. आणि समोर भिंतीकडे बघा.”

“भिंतीकडेच बघतोय सकाळपासून! दुसरीकडे बघता येतंय कुठे?”

“पर्समध्ये एक सुटं बटण आहे, ते हातावर ठेवते. दोन भोकांचं की चार, नुसतं चाचपून सांगायचं.”

“हात्तिच्या! झोपेतही सांगेन.”

“सांगा मग.”

“अगं, आधी ठेव तर!”

ती त्याच्या तळहाताकडे बघत राहिली.

“ठेव ना लवकर. नंबर येईल आपला.”

“अहो... मघाशीच ठेवलंय.”