एकाच फांदीवर दोघी

विद्यापीठाच्या कॅफेत बेगलच्या रांगेत माझ्यापुढे पीएचडीचे दोघे विद्यार्थी उभे होते.

“टोबायस, तोंड का पाडलंस? प्रबंध संपला ना?”

“संपला. वेंडेल सही करत नाहीत.”

“स्वतःच्याच विद्यार्थ्याच्या प्रबंधावर?”

“त्यांनी शोधलेले दोन भुंगेरे माहीत आहेत ना? एकाला पहिल्या बायकोचं नाव, लेनॉर. दुसऱ्याला आताच्या, कँडेस.”

“अख्ख्या विभागाला माहीत आहेत. मग?”

“दोन्हींचे जीनोम कॉम्प्युटरला दिले. वंशवृक्षात एकाच फांदीवर जाऊन बसले. प्रजाती एकच आहे, ब्रिजिट.”

“अरे देवा! म्हणजे एक नाव जाणार.”

“नंतरचं जातं. नियमच आहे.”

“कँडेस गेली! वेंडेल काय म्हणाले?”

“‘प्रोग्रॅम बदल, आणखी वर्षभर बस, फरक सापडेल.’”

“आणि जानेवारीतली बोस्टनची नोकरी?”

“ती काय वर्षभर थांबतेय!”

“समितीतलं कोणी समजावेल की त्यांना.”

“समितीत लेनॉर आहेत. त्यांनी वाचल्याबरोबर सही केली.”

“केलीच असणार!”

“तो कागद आता वेंडेलच्या टेबलावर आहे. सहीखाली लेनॉरनी शेराही मारलाय, ‘फरक नाही, हे मी वेंडेलला घटस्फोटाच्या वेळीच सांगितलं होतं.’”