आपोआप चालणारा सुतारखाना

...अहो, खोटं कशाला सांगू? शपथेवर सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे शब्द माझे, प्रसंग खरे. बरं, एक प्रसंग सोडून. पण आमच्या साडूचं वाटोळं झालं ते शंभर टक्के खरं, माझ्या डोळ्यांदेखत झालं!

चांगली नोकरी सोडून या माणसाने मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर बसून, एकट्याने कॉम्प्युटरवरचा खेळ बनवला. खेळ काय, तर सुतारखाना चालवायचा. ऑर्डरी घ्या, लाकूड आणा, कामगार सांभाळा. मेहुणी म्हणाली, "लोकांना आवडला तर बसा करत. नाही तर दादाच्या फरश्यांच्या दुकानात गपगुमान बसायचं." मी त्याच दुकानात बसतो, त्यामुळे धमकी किती गंभीर आहे ते मला विचारा.

मग खेळ इंटरनेटवर टाकला आणि आले अभिप्राय. तुम्हाला सांगतो, लग्नातल्या जेवणालासुद्धा लोक इतकी नावं ठेवत नाहीत. खेळात एक म्हातारा सुतार होता, साडूच्या वडिलांवर बेतलेला. कापण्याआधी लाकूड दोनदा मोजायचा. एकाने लिहिलं, "म्हातारा लाकूड कापतोय की त्याची समजूत घालतोय?" साडू काय म्हणाला? करतो, म्हणाला. मोजणं एकदाच ठेवलं, तर टेबलं लंगडी व्हायला लागली. "टेबलं डुगडुगतात." करतो, म्हणाला. बिघडणंच बंद केलं. "फार सोपं झालं, मजा गेली." करतो! मग कामगारांना रुसायला शिकवलं. त्यातला एक रुसून संडासात जाऊन बसला तो बाहेरच येईना. "घरी बायको रुसते, इथेही तेच?" करतो... रुसवे काढायला मुकादम आला, मुकादमावर मॅनेजर आला, आणि मॅनेजर ऑर्डरीसुद्धा घ्यायला लागला.

मी म्हटलं, "अरे, एखाद्याला तरी नाही म्हण की." तर माझ्याकडे असा बघतो, जसा मीच त्याला पाचपैकी एक तारा दिलाय. "साडूभाऊ, त्यांनी वेळ काढून लिहिलंय हो."

एकदा वडिलांना खेळ दाखवायला बसला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पडद्यावर शोधाशोध केली आणि विचारलं, "यात मी कुठाय रे?" कुठे असणार? लोकांच्या आग्रहाखातर म्हाताऱ्याला केव्हाच घरी बसवला होता. त्या वेळी साडू करतोसुद्धा म्हणाला नाही.

शेवटी खेळ इतका सुधारला की मालकाला कामच उरलं नाही, सुतारखाना आपला आपण चालायला लागला. आणि मग तो अभिप्राय आला. "उत्तम खेळ. सुरू करून देतो आणि झोपतो, बघावंच लागत नाही. पाच तारे." मेहुणीने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "आवडला की हो लोकांना."

...थांबा. हे पाच तारे माझ्या पदरचे. तुमचे चेहरे फार पडले होते, म्हणून घातले. खरं तर लिहिणाऱ्याने एकच दिला होता, आणि खाली लिहिलं होतं, "मग मी इथे कशाला आहे?"

आता साडू दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसतो. काल एक गिऱ्हाईक फरशी उजेडात धरून म्हणालं, "जरा फिकट असती तर..." मी साडूचा शर्ट ओढेपर्यंत हा बोलून मोकळा.

करतो, म्हणाला.