मुक्यानं जेवायचा सोमवार

नाही, कुणालाच पटलं नाही. हात माझा, डोळा माझा, त्यांना काय होतंय ते सांगणारी मी, आणि समोरचा म्हणतो, छे, तसं काही नसेल. आता बायांनो, तुम्हीच सांगा, आमच्या गोठ्यातल्या म्हशीनं पाय आखडला तर घरभर धावाधाव होते, कुणी हळद लावतो, कुणी पुढ्यात पेंड आणून ठेवतो, आणि बाईनं हात आखडला तर काय, तर म्हणे काम चुकवतेय. तीन यत्ता शिकलेय मी, मुलींच्या शाळेत, गांधारीचं आख्यान अजून तोंडपाठ आहे... म्हणजे होतं. आता मधल्या ओळी सापडत नाहीत. ते असो.

आषाढातली गोष्ट. मी चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी थापतेय, आणि थापता थापता उजवा हात परातीत पडला तो पडलाच, वाळत घातलेल्या बोंबलासारखा. मुंग्या नाहीत, कळ नाही, काही नाही. मी त्याच्याकडे बघतेय, तो मात्र कुणा परक्याचा असल्यासारखा परातीत पसरलाय. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तोवर तसाच, आणि मग आपलाआपण उठला आणि लागला थापायला. पुढं चार दिवसांनी डाव्या डोळ्यावर पडदा आला, वरून खाली, कुणी गोणपाट सोडावं तसा. तोही गेला. मी लगेच सगळ्यांना सांगितलं, लपवून ठेवणारी बाई नव्हेच मी. आमची म्हातारी, म्हणजे माझ्या सासूबाई, माळ ओढता ओढता म्हणाल्या, "रात्रीचं ताक पितेस, दुसरं काय व्हायचंय." सून शेवंती म्हणाली, आत्याबाई, तुम्ही जरा पडा. पडा म्हणजे काय, तर बडबड बंद करा, एवढंच. शेजारच्या कमळाबाईनं तर ऐकून न ऐकल्यासारखं करून स्वतःच्या गुडघ्याचं सांगायला घेतलं. आणि आमचे हे, त्यांचं तर विचारूच नका. हे बंदरावरच्या भाताच्या वखारीत मापाडी. दिवसभर पायलीगणिक ओरडून आकडा म्हणायचा, एकाला लाभ, दोनाला दोन, असं सूर लावून, आणि घरी आलं की तोंडाला कुलूप. मी हाताचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, तर म्हणाले, "हं."

सांगितलेलं मी. पण ऐकतो कोण?

मग लागला श्रावण. आता श्रावणी सोमवार तुमच्याकडेही असेल. दिवसभर उपास, आणि दिवेलागणीला पानावर बसलं की मुक्यानं जेवायचं. पानावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही, आणि शब्द गेला की ताटावरून उठायचं, मग पोट भरलेलं असो नसो. तर हे मौन मला जन्मात कधी जमलं नाही. सासरी आल्यापासून एक सोमवार पुरता पार पडला नाही माझा. कधी मांजर दुधाला लागली म्हणून हाड म्हटलं, कधी वरणात मीठ नाही म्हणून बोलले, एकदा तर "आज बघा, मी बोलणार नाही" असं पानावर बसल्यावरच म्हणाले आणि उठले उपाशी. म्हातारी दर वर्षी कपाळावर हात मारणार आणि म्हणणार, हिच्या जिभेपुढं महादेवसुद्धा हात टेकेल.

त्या सोमवारी पानं मांडली. समोर हे, शेजारी म्हातारी, वाढायला शेवंती. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला हात गेला. पुन्हा परातीतला तोच खेळ. भात बोटांतून खाली, बोटं पानावर, पान ओलं. मनात म्हटलं, आता सांगावं. मौन गेलं खड्ड्यात, उपाशी राहीन. तोंड उघडलं, आणि शब्दच नाही. तुम्हाला कसं सांगू? विहिरीत पोहरा सोडावा, दोर सरसर जावा, आणि खाली पाणीच लागू नये, तसं. घाबरले का? नाही. घाबरायलासुद्धा काहीतरी जागं लागतं आत. मी आपली बसले, आणि भूक तर होती, म्हणून डाव्या हातानं घास घेतला.

बायांनो, डाव्या हातानं. श्रावणी सोमवारी. म्हातारीचे डोळे बाहेर यायचे बाकी राहिले, पण तिचंही मौन, बोलणार कशी? तिनं नुसती मान हलवली, हुंकार दिला, माझ्या डाव्या हातावर चापट मारली. शेवंती तोंडाला पदर लावून हसतेय. मी एक अक्षर बोलत नाही. चापट खाऊनही बोलत नाही. तेव्हा म्हातारीच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, ते मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. कौतुक. हात धुतल्या धुतल्या ती म्हणाली, "झालं गं बाई. जमलं. बोल आता." मी गप्प. "बोल की." मी गप्प. तर म्हातारीनं हात जोडले आणि जाहीर केलं, हिनं सकाळपर्यंत मौन धरलंय, कुणी मोडायचं नाही.

आणि नाही मोडलं कुणी. इतक्या वर्षांत त्या घरानं माझं ऐकलं ते हे एकदा, तेही मी न बोललेलं.

सकाळी उठले तर पाय ओढतोय, ओठाचा एक कोपरा हनुवटीकडे निघालेला. म्हातारी म्हणाली, बसून बसून पाय भरला असेल. बातमी आळीत गेलेली, कमळाबाई हळदकुंकवाची कोयरी घेऊन हजर, आमच्या आळीत कुणाचं व्रत फळलं म्हणून. मला बघितलं आणि गर्रकन परत फिरली. अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मौन धरलंय म्हणे. मला बघून तोंड वाकडं करायचं काही सोडलं नाही." आता मी काय म्हणू, बाईचं चुकलं नव्हतं. तिला बघून मी तोंड वाकडं करतेच.

सांगायचं होतं मला. पण ऐकतो कोण, आणि आता तर सांगतो कोण?

मग कळलं कसं, तर ऐका. शेवंती दुधाचं पातेलं चुलीवरून उतरवत होती, फडकं घसरलं, तिनं घाईनं पातेलं माझ्या उजव्या हाताला टेकवलं, धरा आत्याबाई. मी धरलं कसलं, ते माझ्या मनगटावर टेकून राहिलं. चरचर झालं, कातडीचा वास सुटला. मी बघतेय. वास कशाचा म्हणून मीपण बघतेय. आणि शेवंती माझ्या तोंडाकडे बघतेय, आता शिवी येईल, मग येईल, तिच्या आईचा, बापाचा, त्या चुलीचा उद्धार होईल. काही नाही आलं. तेव्हा ती पोरगी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. म्हणाली, "आत्याबाई आजारी आहेत हो. शिवी दिली नाही त्यांनी." बघा, सगळ्या घरात एवढ्या एका बाईला माझी पारख.

मग काय, धावाधाव. म्हशीसारखी. अंगावरून वारं गेलं, वारं गेलं, म्हणून सगळे ओरडायला लागले. शहाडचा भगत आला, त्यानं नदीकाठची कोणीतरी बाई मानेवर बसलीय म्हणून सांगितलं. वैद्य आले, त्यांनी तेल दिलं. कुणीतरी पारवा आणला, त्याचं गरम रक्त काढून माझ्या हातावर चोळलं. म्हणजे आत माझं रक्त चढेना म्हणून वरून पारव्याचं. पारवा बिचारा त्याच्या घरी सांगून आला असेल, जरा जाऊन येतो म्हणून. शेवटी शेवंतीनंच हट्ट धरला आणि बैलगाडीत घालून मला दवाखान्यात नेलं, हेही बरोबर.

तिथले डाक्तर बरे होते. काठीनं पायाला टोचलं, डोळ्यात दिवा धरला, जीभ काढायला लावली, ती एका बाजूला पळाली. मग ते यांना समजावून सांगत होते आणि मी ऐकत होते, कारण कान शाबूत होते. म्हणाले, मानेतून रक्ताच्या नळ्या वर मेंदूत जातात. डाव्या बाजूची नळी आतून जाड झाली, अरुंद झाली, तिच्यात रक्ताची गुठळी अडकली, वरच्या भागाला रक्त मिळेना. आणि डावा मेंदू चालवतो उजवा हात, आणि बोलणंही तिथंच. म्हणजे करणार डावा, भोगणार उजवा, घरातल्यासारखंच. हात आणि डोळा मागं गेले होते आणि परत आले होते ना, तर तो पहिला इशारा होता म्हणाले. मला ते लगेच समजलं. माझं माहेर दिवा गावचं, मिठागरवाल्यांचं. खाडीचं पाणी पाटातून आगरात घेतात. पाटात गाळ साचत जातो, पाणी बारीक होत जातं, कधी अडतं, कधी सुटतं, आणि एक दिवस बसतो बोळा. मग पलीकडची कोंडी, म्हणजे मिठाचा वाफा, वाळते, तिला भेगा पडतात. माझे बाबा रोज पाट बघायचे. माझा पाट कोण बघणार होतं?

हे डाक्तरांना विचारत होते, लगेच आणली असती तर? डाक्तर म्हणाले, तरी आमच्याकडे यावर औषध नाही, निजवून ठेवलं असतं, देवाची मर्जी. यांनी श्वास सोडला. मी तो ऐकला.

जीभ हळूहळू आली. आली, पण घर विसरून आली. पाणी हवं असलं की तोंडातून यायचं वहाण. शेवंतीला परात म्हणायचे. म्हातारीला एकदा म्हैस म्हणाले, ते चुकून की नाही ते मी सांगणार नाही. आता सगळं बसलं जागेवर, तुम्ही ऐकताच आहात. हात मात्र नाही आला. भाकरी शेवंती थापते, जाड थापते. बांगड्या घालते मी त्या हातात, पण त्या वाजतात त्या दुसऱ्या कुणाच्या तरी. दुखतं का विचारतात लोक. दुखलं असतं तर बरं होतं.

आणि आता हा श्रावण आला. परवाचा सोमवार. मला मौन माफ केलंय म्हातारीनं, तुझं महादेवाला पोचलं म्हणते. सगळ्यांची जेवणं उरकली, शेवंती भांडी घासायला गेली, म्हातारी देवळात. हे ओटीवर सुपारी कातरत बसलेले. मी आपली बोलतेय, ताकाचं, भगताचं, कुणाचा दोष कुणाचा नाही, नेहमीचंच. आणि हे मधेच म्हणाले, सुपारीवरून नजर न उचलता,

"मला तेव्हाच कळलेलं."

"काय कळलेलं?"

"मौन नव्हतं ते. भात ओघळत होता तुझ्या तोंडातून. ओठ खाली आलेला."

"मग?"

"मग काय." अडकित्ता कटकट चालू. "दिवसभर मापं ओरडतो मी. घर इतकं गप्प कधी नव्हतं गं. म्हटलं, पान होईस्तोवर राहू दे. मग म्हटलं, सकाळपर्यंत."

एवढंच म्हणाले. मग सुपारी तोंडात टाकली. मला पण अर्धी दिली, डाव्या हातात, आठवणीनं.

आता मला राग यायला हवा की नको? मी थांबले त्याच्यासाठी. बराच वेळ थांबले. नाही आला. राग बसतो त्या कोंडीतही गाळ गेला असेल, आणि डाक्तर म्हणालेच होते, लगेच नेली असती तरी काय होणार होतं? बरोबर आहे. मी रीतसर अर्धी सुपारी चघळली.

तर तुम्ही विचारता, बाई, हे झालं कुणामुळं. म्हातारी म्हणते ताकामुळं, भगत म्हणतो नदीकाठच्या बाईमुळं, डाक्तर म्हणतात गुठळीमुळं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नात एकदा घेतलं, उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवलं म्हणून. त्यानंतर आजतागायत नाही. पण जीभ पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा आहे तोवर घेऊन टाकते.

धाकू.