तीन अक्षरांचा बटाटा

...आणि टूथपेस्टसुद्धा! अहो, टूथपेस्टसुद्धा फेकली यांनी! मी म्हटलं, अहो, ती काय आपण खातो? घासतो आणि थुंकतो! तर म्हणाले, 'तोंडात जाते ना? मग वाचता यायला हवी.' आता तुम्हीच सांगा, सकाळची वेळ, चहा व्हायचाय, डोळे धड उघडले नाहीत, आणि माझा नवरा बेसिनपाशी ती नळी नाकाला लावून उभा... 'सोडियम लॉ... लॉरि... लॉरिल...' अडखळला! गेली नळी कचऱ्यात! 'वाचता येतंय का? नाही ना? मग नाही पोटात घालायचं!'

तुम्हाला सांगते, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. पण माणूस वाईट नाही हो. आमचे हे पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, हाताने, ब्रशने. आता सगळीकडे छापील फलक आले, तरी यांचं अक्षर असं की लोक पत्ता काढत येतात. पण त्याचा परिणाम काय झाला? जगातली कुठलीही गोष्ट हे अक्षरं मोजून बघतात! नाव आखूड, म्हणजे पाटीवर ऐटीत बसतं, म्हणजे चांगलं. नाव लांबलचक, म्हणजे शेवटची अक्षरं चेंगरतात, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं! माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा हे कुरकुरले होते. का? तर मुलाचं आडनाव लांब!

असा हा माणूस, आणि तो गेला एका व्यायामशाळेची पाटी रंगवायला. बरं, पाटी रंगवावी आणि घरी यावं! नाही! हे शिडीवर, खाली तो व्यायामशाळेचा मालक. दंड हे एवढे, मान नाहीच, डोकं नेऊन थेट खांद्यावर ठेवलेलं. तो खालून म्हणाला, 'साहेब, पाकिटावरचं जे नाव तुमची जीभ घेत नाही, ते तुमचं पोट कसं घेईल?' झालं! शिडीवर चढलेला माझा नवरा वेगळा आणि उतरलेला वेगळा!

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात धाड. जॅम गेला, सॉस गेला, सूपची पाकिटं गेली, माझी बिस्किटं गेली... पाव! साधा पाव! त्यावर लिहिलं होतं ॲस्कॉर्बिक ॲसिड. 'ॲसिड! अगं, ॲसिडने फरशी धुतात!' मी म्हटलं, अहो, इतकी वर्षं खातोय, धुतलं गेलं का काही? ऐकतील तर ना!

बरं, हेही सोसलं असतं. पण लेक एक दिवस म्हणाली, 'आई, रविवारी एकाला जेवायला आणू का?' आता 'एकाला' म्हणताना पोरीचे कान लाल झाले, की आईला पुढचं सगळं कळतं. मी म्हटलं, आण की! करतो काय?

'खाण्याच्या पदार्थांच्या कारखान्यात आहे.'

'म्हणजे नेमकं काय करतो?'

'अगं... पाकिटांच्या मागे ती बारीक अक्षरं असतात ना... ती तो लिहितो.'

मी खालीच बसले! अहो, एवढं मोठं शहर, कुणी वकील, कुणी शिंपी, कुणी नुसताच बसून खाणारा... तो चालला असता! तर माझ्या पोरीने नेमका हा उचलून आणला!

रविवार उजाडला. हे म्हणाले, 'जेवण मी करणार. त्या पोराला कळू दे खरं अन्न काय असतं.' आणि काढले बटाटे. पाकिटातलं काही नको म्हणून यांनी पोतंभर बटाटे आणून खिडकीपाशी उन्हात पसरलेले. उन्हाने सत्त्व वाढतं, हे यांचं स्वतःचं संशोधन! ते बटाटे झाले हिरवे. कोंब फुटले. मी म्हटलं, अहो, टाकते हे. 'टाकतेस? हिरवं म्हणजे ताजं!' आणि भाजले सालासकट. साल काढलं तर सत्त्व जातं ना!

पोरगा आला. उंच, किडकिडीत, चष्मा, आणि शर्ट असा कडक इस्त्रीचा की बसताना आवाज झाला. हे समोर. लेक माझ्या शेजारी, टेबलाखाली माझा हात घट्ट धरलेला. मी कुणाच्याही आधी पाणी प्यायले.

'पावात ॲसिड कोण घालतं?' नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट हाच प्रश्न!

'आम्हीच, काका. पण ते क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात असतं तेच.'

'मग तसं लिहायला काय झालं?'

'त्याचं ते शास्त्रातलं नाव...'

'बघ! बघ! म्हणजे नाव बदलून हिंडतं!'

पोरगा घाबरला नाही हो. चष्मा वर सरकवला आणि शांतपणे म्हणाला, 'काका, नाव अवघड म्हणून पदार्थ वाईट होत नाही, आणि सोपं म्हणून चांगलाही होत नाही. ते शरीरात काय करतं आणि किती खाल्लं, हे बघायचं.'

मला पटलं! मी मान हलवणार, तेवढ्यात यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मानेचा व्यायाम केल्यासारखं केलं.

मग यांनी ते बटाटे वाढले. पोराने ताटलीत पाहिलं. चमचा खाली ठेवला. मुलीच्या बापाने पहिल्यांदा वाढलेलं जेवण, हे त्याला कळत नव्हतं का? कळत होतं. रंग उडाला होता बिचाऱ्याचा. पण म्हणाला, 'काका, हे नका खाऊ. कुणीच नका खाऊ. हिरवे झालेत, कोंबही आलेत... यात सोलॅनीन असणार. भाजलं तरी ते जात नाही. त्रास होईल.'

'काय असणार?'

'सोलॅनीन.'

'कशात?'

'बटाट्यात.'

अहो, हे उभेच राहिले! 'ब-टा-टा! तीन अक्षरं! माझ्या घरात, माझ्या हातच्या बटाट्यात तू तुझ्या कारखान्यातली नावं घालतोस? वाचता येतंय का? येतंय! मग खायचं!' आणि खाल्ले की हो! तोंड वाकडं होत होतं, तरी खाल्ले! मी म्हटलं, कडू लागतायत का? 'कडू म्हणजे गुणकारी!' पुन्हा वाढून घेतले! तेव्हा तो पोरगा उठला, भांडं उचललं, आणि थेट ओट्यावर नेऊन ठेवलं. होणाऱ्या सासऱ्याच्या पुढ्यातून! हे म्हणाले, 'हे लग्न होणार नाही.' पोरगा म्हणाला, 'बरं, काका. पण बटाटे खाऊ नका.' आणि चपला घालून गेला. लेक रडत आत गेली. मी ओट्यावरचं ते भांडं उचललं आणि कचऱ्यात रिकामं केलं.

दुपार कलली आणि यांना बटाटे बाधले. आधी डोकं धरलं, मग पोट, मग बेसिन... आणि मग बेसिन सोडवेना. ज्या माणसाचा हात शिडीवर कधी हलला नाही, त्या हाताला नळ सोडता येईना हो! लेक गाडी काढायला खाली धावली आणि जिन्यातून ओरडली, 'आई, हा इथेच आहे!' गेलाच नव्हता! खालच्या पायरीवर बसून होता इतका वेळ. मला म्हणाला, 'काकू, वाटलंच होतं, गरज लागेल.' यांना खांद्याचा आधार देऊन त्यानेच गाडीत बसवलं.

दवाखान्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. हे म्हणतात, 'नाव काय?'

'तुमचं? लिहिलंय की केसपेपरवर.'

'माझं नाही! औषधाचं!'

'ऑन्डॅन्सेट्रॉन. उलटी थांबते याने.'

यांनी हात मागे घेतला! अहो, काय सांगू! एकीकडे ओकारी, एकीकडे तत्त्व! 'वाचता... ओऽऽ... येतंय का... ओऽऽ... नाही ना...' डॉक्टर रागावले, लेकीने हात जोडले, मी तर रडलेच. मी म्हटलं, अहो, अक्षरं मोजता मोजता जाल ना माझ्या हातून!

तेव्हा तो पोरगा स्टूल ओढून यांच्या उशाशी बसला. कागद घेतला, आणि मोठ्या अक्षरांत, पाटीसारखं लिहिलं. म्हणाला, 'काका, गिऱ्हाईक आलंय समजा. नाव लांब आहे, पण पाटी तुम्हालाच करायचीय. तोडून वाचा. ऑन.'

'ऑन...'

'डॅन.'

'डॅन...'

'से. ट्रॉन.'

नर्स सुई धरून उभी, डॉक्टर घड्याळ बघतायत, आणि हे डोळे मिटून, घामाघूम, एका दमात म्हणाले, 'ऑन्डॅन्सेट्रॉन!' आणि हात पुढे केला. सुई गेली. जरा वेळाने डोळे उघडले, कागद हातात घेतला, आणि क्षीण आवाजात म्हणाले, 'ट्रॉनला जागा कमी सोडलीस. अक्षर चेंगरलंय.'

पोरगा म्हणाला, 'मला नाही जमत, काका. शिकवाल?'

मी मनात म्हटलं, जमलं हो लग्न!

सुधारले का पण? छे! आता दुकानात उभे राहून सगळी नावं घडाघडा वाचतात. माणसं जमतात! आणि नाव बिनचूक आलं, की पाकीट टोपलीत! पोरगा ओरडतो, 'काका, उच्चार आला म्हणजे पदार्थ चांगला, असं नसतं! साखर किती आहे ते बघा!' हे म्हणतात, 'साखर? ती तर बालवाडीतलं पोरही वाचेल!' पोराने हात टेकले. आता खरेदीला मी एकटी जाते.

असू दे. परवा तारीख ठरवायला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईचा चेहरा तजेलदार, बोलणं मधाळ. टेबलावर सुंदर ताटल्या मांडलेल्या. पण घरात फोडणीचा वास नाही, वाफ नाही, भांड्याचा आवाज नाही. मला शंका आलीच. बाई हसून म्हणाल्या, 'आमच्याकडे शिजवलेलं काही नसतं हं. आग लागली की अन्न मेलं!' मी जावयाकडे पाहिलं. तो ताटलीवरची नक्षी निरखत होता. आईपुढे त्याचंही शास्त्र चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आणि हे? यांनी खुर्ची पुढे ओढली. 'आग लागली की मेलं? वा! वा! जरा सविस्तर सांगा ना, विहीणबाई!'

मी काय बोलणार? कच्चं गाजर चावता चावता लेकीच्या कानात म्हटलं, 'परत जाताना वाटेत कुठे हॉटेल दिसलं, तर गाडी थांबव गं बाई... तुझ्या बाबांना डिकीत बसवू.'