बारा तारखेपर्यंत शहाणा

आजी: साल नका विचारू. थोरलीचं लग्न झालं आणि त्याच गडबडीत धाकट्यानं हात मोडून घेतला, त्या वर्षी हे मशीन घरात आलं. हात गळ्यात बांधून पोरगा याच्या रिकाम्या खोक्यावर बसलाय, असा फोटो आहे घरी.

मिस्त्री: म्हणजे एकोणनव्वद. मागे चिठ्ठी आहे, तीही तेच सांगते. आजी, तुम्ही इकडे बसा. त्या स्टुलाचा एक पाय लंगडा आहे.

बँकवाली: तुमच्या दुकानात लंगडं नाही असं काय आहे, मिस्त्री?

मिस्त्री: तुम्ही आहात की. दर रविवारी दोन जिने चढून येता माझ्या चुका काढायला.

बँकवाली: चुका खालूनच दिसतात. जिने चढते ते चहासाठी.

आजी: ही बायको का रे तुझी?

मिस्त्री: नाही हो. या बँकेतल्या. तेवीस वर्षं अशाच मशीनपुढे बसल्या, निवृत्त झाल्या, तरी यांचं मन उठत नाही. मी रेडिओ दुरुस्त करायचो. आता रेडिओ कोण आणतंय? मग दोघं मिळून जुने कॉम्प्युटर जिवंत करतो. नुसती हौस.

आजी: हे होईल जिवंत?

मिस्त्री: अर्धं झालंय. वीज देणारा डबा मेला होता. आतले दोन कपॅसिटर फुगून टम्म झाले होते, ते बदलले. आता पंखा फिरतो, पडदा हिरवा होतो. पण जिच्यात सगळं साठवलंय ती डिस्क फिरत नाही. कान लावून बघा. नुसती कण्हतेय.

बँकवाली: चिकटलीय ती. आत तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारा एक हात असतो. वर्षानुवर्षं पडून राहिलं की हात तबकडीला धरून बसतो. मनगटानं एक हलका हिसका दिला की सुटतो. शाखेत सोमवारी सकाळी आमचं पहिलं काम हेच.

मिस्त्री: शाखेत कपाटात नक्कल असायची. इथे नक्कल नाही. हिसक्यानं ओरखडा पडला तर त्या जागेवरचं गेलं ते गेलंच. मी म्हणतो, चालू ठेवू, ऊब येऊ दे, संध्याकाळपर्यंत सुटेल आपोआप.

बँकवाली: सुटायच्या आधी मोटर जळेल. अर्धा तास बिचारी धडपडतेय.

मिस्त्री: तुम्हाला सगळीकडे घाई.

बँकवाली: आणि तुम्हाला सगळीकडे ऊब.

आजी: ते माझ्यामुळे झालंय.

मिस्त्री: तुमच्यामुळे कसं?

आजी: बंद करायच्या आधी याला झोपवायचं असतं. एक शब्द टाइप केला की तो हात बाजूला जाऊन बसतो, मग बटण. आमचे हे रोज बजावायचे, झोपवल्याशिवाय दिवा घालवू नकोस. आठ वर्षांत मी एकदाही चुकले नाही. शेवटच्या दिवशी झोपवलं नाही.

बँकवाली: शेवटचा दिवस म्हणजे?

आजी: हे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी सवयीनं चालू केलं. चालू झाल्याझाल्या हा तारीख विचारतो, माहीत आहे ना?

बँकवाली: हो, या जातीच्या मशीनला स्वतःचं घड्याळच नसतं. रोज सकाळी त्याला सांगावं लागतं, बाबा, आज अमुक तारीख.

आजी: ते काम माझं होतं. आकडे मी तिथेच शिकले. त्या दिवशी त्यानं तारीख विचारली आणि मला ती घालवेना. काल हे होते आणि आज नाहीत, हे मी त्याला सांगायचं? बटण दाबलं, वर चादर टाकली. मग मुलानं मला त्याच्या घरी नेलं. इथल्या खोलीला कुलूप. ती चादर आता निघाली, मुलानं खोली विकायला काढली तेव्हा. भंगारवाला उद्या येतोय. मुलगा म्हणतो, आई, त्यात आहे काय? मी म्हटलं, माझी एक ओळ वाचायची राहिलीय.

मिस्त्री: कसली ओळ?

आजी: आमचे हे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. सगळे खिळेवालेच म्हणायचे त्यांना. अक्षर उलटं असतं खिळ्यावर, ते यांना आपण पाटी वाचतो तसं दिसायचं. मी त्याच छापखान्यात बांधणीला. हजारो पुस्तकं बांधली बाबा या हातांनी, एक वाचलं नाही. वाचताच येत नव्हतं. छापखाना बंद झाला तेव्हा मालकानं यांना हे मशीन दिलं. त्यावर यांनी मला शिकवलं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. रोज सकाळी मी तारीख घालायची, हे एक ओळ लिहायचे, आणि दुपारी मी ती वाचायची. अडखळले तर थांबायचे. हसायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, डोकं जड झालंय, जरा पडतो, ओळ उद्या वाच. पडले ते पडलेच.

बँकवाली: ओळ लिहून झाली होती?

आजी: कळा वाजलेल्या ऐकल्या होत्या. पण लिहिली, का नुसतेच बसले होते, कसं सांगू? तेवढंच बघायचंय. आणि मी न झोपवल्यामुळे ती पुसली असेल तर तेही बघायचंय.

मिस्त्री: बोला बाई. ऊब का हिसका?

बँकवाली: आता मला नका विचारू. यांचं आहे ते.

आजी: फिरव. पुस्तक बांधताना गठ्ठा ठोकायचा तर हात थरथरून चालत नाही.

मिस्त्री: मग मीच फिरवतो. सोल्डर करणारा हात आहे, थरथरत नाही. सगळे मागे सरा. एक. दोन.

(बारीक शीळ. मग टक, टक, टक.)

बँकवाली: फिरली.

मिस्त्री: श्वास घ्या बाई. निळ्या पडाल.

बँकवाली: हा आवाज मी किती वर्षांनी ऐकला. फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवतात लोक, पण तो हा नव्हे. मिस्त्री, हे वरचं कार्ड बघितलंत? पडद्यावर आपली अक्षरं काढणारं. मी हे फक्त फोटोत पाहिलंय. शाखेत असतं तर आम्ही तेवीस वर्षं परक्या अक्षरांत नावं मोडली नसती.

मिस्त्री: आणि डिस्क आहे वीस मेगाबाइटची. माझ्या फोनमधले चार फोटो टाकले की भरली. त्यात या माणसानं आठ वर्षं लिहिलं.

आजी: अर्धीसुद्धा भरली नाही म्हणायचे.

मिस्त्री: हं, आला. तारीख विचारतोय. नुसतं एंटर मारून पुढे जाऊ.

आजी: नाही. त्याला सांगावी लागते. सरक. आज एकोणीस ना? तर आधी महिना. मग एकोणीस. मग साल.

बँकवाली: वा आजी. महिना आधी घालायचा हे बँकेत नव्या माणसाला सहा महिने कळायचं नाही.

आजी: नको म्हणतोय. रुसलाय माझ्यावर.

बँकवाली: सालाचे चारही आकडे घाला. नुसते शेवटचे दोन घातले तर त्याला पुढचं शतक सुरू झालेलं माहीत नाही.

आजी: घेतली. आता वेळ विचारेल. ती मी देत नाही, नुसतं एंटर.

मिस्त्री: या बाई, यादी काढा. बापरे. संपतच नाही.

बँकवाली: अडीच हजारांच्या वर फाइली. नावं नाहीत, नुसते नंबर. एका ओळीची एक फाइल. मिस्त्री, ओरखडा कुठेच नाही. एकही फाइल अडत नाहीये.

मिस्त्री: आज कुठला दिवस आहे हे ज्याला सांगावं लागतं, त्यानं हे सगळं धरून ठेवलं. मी चाळीस वर्षं यंत्रं उघडतोय, मला अजून कळत नाही हे कसं होतं. कसं होतं ते कळतं. पण कळत नाही.

बँकवाली: शेवटची फाइल. तारीख अकरा, चार, सत्त्याण्णव.

आजी: तीच. लिहिली होती तर.

बँकवाली: थांबा आजी. हे मशीन महिना आधी धरतं. अकरा, चार म्हणजे चार नोव्हेंबर.

मिस्त्री: अकरा एप्रिल असेल की. आपण असंच लिहितो.

बँकवाली: आपण लिहितो, मशीन नाही. वर बघा, तीन, एकतीस. एकतिसावा महिना तुमच्या दुकानात असेल. आणि आत्ता आजींनी तुमच्यासमोर महिना आधी घातला.

आजी: नोव्हेंबर नाही होणार बाई. हे एप्रिलात गेले.

मिस्त्री: वेळ काय आहे फाइलवर?

बँकवाली: पहाटेचे दोन वाजून दहा मिनिटं.

मिस्त्री: घ्या. माझ्या हातावर काटा आलाय, बघा.

बँकवाली: आजी, घरातलं आणखी कोणी बसायचं यावर?

आजी: कोण बसणार? नोव्हेंबरात मी मुलाकडे होते. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. मग ती ओळ यांची नाही. दुसऱ्या कोणाची असेल तर उघडू नका. राहू दे तशीच.

मिस्त्री: घाई नको. आजी, तारीख रोज तुम्हीच घालायचात ना?

आजी: मीच.

मिस्त्री: आत्ता घातलीत तशीच? महिना आधी?

आजी: आज एकोणीस आहे म्हणून. बारा तारखेपर्यंत हा शहाणा असतो. आपल्यासारखा दिवस आधी दिला तरी मुकाट्यानं घेतो. तेरापासून हट्टाला पेटतो, मग महिना आधी द्यावा लागतो. एक तारखेला पुन्हा शहाणा.

मिस्त्री: का हो बाई? यादी पुन्हा वर का नेताय?

बँकवाली: तो कधीच शहाणा नव्हता आजी. तो कायम महिनाच आधी वाचत होता. अकरा दिलंत की अकरावा महिना समजून घ्यायचा. तेरावा महिना नसतो, म्हणून तिथे अडायचा. तरीच मघापासून मला खटकत होतं. नंबर सरळ रेषेत चाललेत आणि तारखा उड्या मारतायत. एकतीस मार्चनंतर एकदम चार जानेवारी.

मिस्त्री: ती एक एप्रिल. आठ वर्षं दर महिन्याचे पहिले बारा दिवस हे मशीन भलत्याच ऋतूत राहिलं.

बँकवाली: तेवीस वर्षांत बारा-तेराचा हा घोळ माझ्या लक्षात आला नाही. तुम्ही त्याच्या हट्टाचा नियम शोधून काढलात आजी, कोणी न सांगता.

आजी: मग ती पहाट?

बँकवाली: वेळ दिली नाही की तो रात्रीच्या बारापासून मोजायला लागतो. चालू कधी करायचात?

आजी: नऊच्या ठोक्याला.

बँकवाली: म्हणजे त्याची मध्यरात्र ते तुमचे सकाळचे नऊ. दोन तास दहा मिनिटं पुढे मोजा. अकरा वाजून दहा.

आजी: सव्वाअकराला म्हणाले होते डोकं जड झालंय. मी घड्याळ बघितलं होतं, औषधाची वेळ झाली का म्हणून.

मिस्त्री: मग उघडायची?

आजी: उघड. पण तुम्ही वाचू नका. मी वाचते. हळू वाचते, थांबा.

बँकवाली: थांबलोय.

आजी: “आज तारीख… मला न विचारता… घातलीस. दारातून… पाहिलं मी. मशीनला तो… नोव्हेंबर वाटतो. वाटू दे. तुझं बरोबर आहे.”

मिस्त्री: पुन्हा वाचा आजी. आता अडखळणार नाही.

आजी: यांना ठाऊक होतं. आठ वर्षं मी उलटी घालत होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

बँकवाली: खिळेवाले ना ते. उलटं त्यांना सरळच दिसायचं.

आजी: तोवर मी रोज विचारायची, अहो, आज कितवी? त्या दिवशी दारात पडलेल्या सकाळच्या पेपरावर वाचली आणि घालून मोकळी झाले. यांनी पाहिलं हे मला माहीतच नव्हतं.

मिस्त्री: बाई, फ्लॉपीवर नक्कल काढा. दोन काढा. आणि आजी, भंगारवाल्याला सांगा, मशीन गेलं दुकानात. लंगड्या स्टुलाशेजारी जागा आहे. वाटेल तेव्हा या, तारीख सांगा त्याला.

आजी: जिने दोन आहेत रे.

मिस्त्री: या बाई चढतात चहासाठी. तुम्हालाही मिळेल.

बँकवाली: नक्कल झाली. आता बंद करू?

आजी: आधी झोपवते. हं. गेला हात बाजूला. आता दाब.

बँकवाली: फ्लॉपीवर चिठ्ठी लावायचीय. काय लिहू?

आजी: पेन इकडे दे. मी लिहिते.

मिस्त्री: महिना आधी का दिवस आधी?

आजी: अक्षरांत लिहिते, म्हणजे तुम्ही दोघं भांडायला नको. खिळेवाले गेले, शुक्रवार, अकरा एप्रिल एकोणीसशे सत्त्याण्णव, दुपारी एक वाजता.