एका बाजूची धार

माझं माहेर वाटूरचं, दिलं बदनापूरकडं, नाव कावेरी, आणि पहिलंच सांगून ठेवते तुम्हाला, माझा कुणावर लवकर भरवसा बसत न्हाई. दुकानदारावर तर बिलकुल न्हाई. आमचे हे म्हणतात, तू देवाचा नारळसुद्धा हलवून बघती. तर बघते. नासका निघाला तर देवाला काय सांगू?

मोसंबीच्या नर्सरीत कामाला लागले, आधी निंदायला, मंग पट्टी बांधायला. म्हणजे कसं, तिथले जुने कामगार सोनाजीमामा रोपाच्या सालीला चीर द्यायचे, चांगल्या झाडाचा डोळा, जिथून कोंब फुटतो तो, कापून तेच्यात बसवायचे, अन् मी मागून पट्टी बांधत जायचे. डोळा भरणाऱ्याला मान, मजुरी जास्ती, बांधणारीला कोण विचारतं. घरी भाजीच्या सुरीनं डहाळ्या कापून कापून हात बसवला म्या, पण मामा त्यांच्या चाकूला हात लावू देतील तर शपथ. पाणी प्यायला उठले तरी घडी घालून बंडीच्या खिशात. म्हणलं, मामा, एक डोळा काढू द्या की. तर म्हणायचे, हात कापून घेशील पोरी.

यंदा नर्सरीच्या मालकीणबाई म्हणल्या, स्वतःचा चाकू आण, सोमवारी तुला कामाला बसवून बघते, डोळे नीट निघाले तर हंगामभर भरायचं काम तुझं, न्हाईतर हाय आपली पट्टी. आता मी कधी चाकू घेतलेला न्हाई जन्मात. तर मामाच म्हणले, जालन्याला मस्तगडात अवजाराचं दुकान हाय, घडीचा चाकू भेटतो, स्वस्त, माझं नाव सांग. झालं, आला मला शक. इतके वर्स चाकू लपवणारा माणूस दुकान काहून सांगून राह्यला?

शनिवारी सकाळीच गेल्ते, पिशवीत मोसंबीची डहाळी घेऊन. दुकानदारानं पहिला काढला लाल मुठीचा, चकाचक, तेच्यात कात्री, बाटली उघडायचं, काय काय. पातं हलवलं तर खिळ्यात लडबडतंय. म्हणलं, हा जावयाला द्या तुमच्या. दुसरा डहाळीवर दाबला की आपोआप मिटायचा, बोटंच जायची माझी. तिसरा लाकडी मुठीचा, साधा, घट्ट, परवडणारा, जीवच बसला तेच्यावर. पण धारेला नख लावलं तर एकाच बाजूनं घासलेला, दुसरी बाजू सपाट, पाटीवानी. म्हणलं, भाऊ, अर्धाच घासला का हो? म्हणे, बाई, हा असाच येतो. म्हणलं, बाई बघून असाच येतो व्हय! सोनाजीमामाचं नाव काढलं तर हसून म्हणे, त्यांचं आमचं लई जुनं हाय. मंग तर पक्कंच झालं, दोघं मिळालेले. चाकू ठेवला अन् आले निघून.

तशीच मामाच्या दारात गेले. म्हणलं, मामा, अर्धा घासलेला चाकू माझ्या गळ्यात मारायला तुम्हाला काय भेटतं हो? मामांनी बंडीत हात घातला. खिशातून चाकू काढला, उघडला अन् खाली ठेवला. आपल्यात चाकू हातात देत न्हाईत ना, भांडण होतं म्हणून, पण इथं भांडण तर चालूच होतं. मी उचलला. एका बाजूनं धार, दुसरी सपाट. मामा म्हणले, सपाट बाजू टेकती म्हणून काप सरळ जातो, दोन्हीकडून घासला की डोळा खोलगट निघतो, बसत न्हाई, वाळतो.

लई लाज वाटली. अन् मंग राग आला. म्हणलं, इतके वर्स तुमच्या मागं पट्टी बांधली, एकदा दिला असता तर मला कळलं न्हसतं का? मामा खाली बघून म्हणले, कळलं असतं, म्हणून तर दिला न्हाई.

तेवढा शक माझा बराबर होता बघा.

मंग आता काहून सांगितलं, विचारलं. म्हणे, गुडघे गेले माझे, दुसऱ्या कुणापरीस तू बरी. लगेच परत जालना गाठलं. मला बघून दुकानदारच शकानं बघू लागला. तोच चाकू घेतला, पण खिळा पुन्हा हलवून बघितलाच.

सोमवारचे डोळे लागले, पट्टी सोडली तर हिरवेगार. आता भरते मीच. मामा येतात, बांधावर बसतात, चूक काढायला टपलेले. देव त्यांचे गुडघे बरे करो, पण हंगाम संपल्यावर. तुम्हाला बघायचा का चाकू? थांबा, हातात न्हाई देत, खाली ठेवते. उचला. नीट बघा, सपाट बाजूसुद्धा. अन् बघून झाला की तिथंच ठेवा, मी बघून राह्यले.